भाड्याचा संगणक : लाभ कोणाचा, जोखीम कोणाची?

३१ जुलै २०२४ रोजी नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने एक छोटेसे निवेदन प्रसिद्ध केले. सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या यंत्रणेवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाल्याची शक्यता आहे आणि म्हणून त्या कंपनीला देशाच्या किरकोळ देयक-व्यवस्थेपासून तात्पुरते अलग करण्यात येत आहे, असा त्याचा आशय होता. सी-एज ही स्टेट बँक आणि टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस यांच्या भागीदारीतून उभी राहिलेली कंपनी. तिचे ग्राहक प्रामुख्याने सहकारी बँका व ग्रामीण बँका. त्या वेळी प्रसिद्ध झालेल्या वृत्तांनुसार सुमारे तीनशे लहान बँकांच्या खातेदारांचे व्यवहार अडकले. दुसऱ्या दिवशी व्यवस्था पूर्ववत झाली, आणि देशाच्या एकूण उलाढालीच्या मानाने हा व्यत्यय नगण्य होता, हेही खरे. तथापि या घटनेने एक प्रश्न उभा केला आणि तो मात्र नगण्य नाही. हल्ला या तीनशे बँकांवर झालेला नव्हता. त्या ज्या एका कंपनीवर विसंबून होत्या, तिच्यावर संकट आले आणि दारे सर्वांची बंद झाली.

आपली यंत्रसामग्री आपण बाळगण्याऐवजी दुसऱ्याची वापरावी व वापराप्रमाणे पैसे द्यावेत, ही पद्धत आता उद्योगजगतात सर्वमान्य झाली आहे. यंत्रशक्ती आणि साठवण भाड्याने घेण्याला 'क्लाऊड' म्हणतात. हिशेब, वेतनपत्रके, ग्राहकांच्या नोंदी यांसाठी लागणारे तयार सॉफ्टवेअर मासिक वा वार्षिक शुल्क भरून वापरणे हे त्याचेच पुढचे पाऊल. या पद्धतीच्या पुरस्कर्त्यांना तीत केवळ बचत दिसते आणि विरोधकांना केवळ परावलंबन. वस्तुतः दोन्हीही तिच्यात आहेत, आणि दोहोंचे मूळ एकच आहे. ते कोणते, हे पाहणे हा या लेखाचा हेतू.

कल्पना जुनी, प्रमाण नवे

या कल्पनेला नवी म्हणणे चुकीचे ठरेल. वीज किंवा दूरध्वनी यांप्रमाणे संगणनही उद्या सार्वजनिक सेवा म्हणून पुरवले जाईल, असे भाकित जॉन मॅकार्थी यांनी १९६१ मध्येच केले होते. एका मोठ्या संगणकाचा वेळ अनेकांनी वाटून घेण्याची पद्धत त्या दशकात अमेरिकेत रूढही झाली. आपल्या देशाला तर भाड्याच्या संगणकाचा अनुभव फार जुना आहे. आय. बी. एम. ही कंपनी भारतात आपली यंत्रे बहुतांशी भाड्यानेच देत असे. परकीय चलन नियमन कायद्यानुसार विदेशी भागभांडवल चाळीस टक्क्यांवर आणण्याची अट तिने मान्य केली नाही आणि १९७८ मध्ये ती देशातून निघून गेली. तिच्या यंत्रांची देखभाल मग सरकारी क्षेत्रातील कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशनला हाती घ्यावी लागली. भाड्याने देणारा निघून गेला तर काय करायचे, हा प्रश्न आपल्यापुढे तेव्हाच येऊन गेला होता.

२००६ साली या व्यवसायाने नवे रूप घेतले. अॅमेझॉन या पुस्तके व अन्य वस्तू विकणाऱ्या कंपनीने त्या वर्षी मार्चमध्ये साठवणीची आणि ऑगस्टमध्ये यंत्रशक्तीची सेवा खुली केली. दर होते एका गिगाबाइटला महिन्याला पंधरा सेंट आणि एका लहान यंत्राला तासाला दहा सेंट. करार नाही, अनामत नाही, किमान मुदत नाही. दहा सेंट खर्च करू शकणारा विद्यार्थी आणि दहा कोटी डॉलर खर्च करणारी कंपनी एकाच दुकानात, एकाच दरपत्रकासमोर उभी राहिली, हे खरे नवेपण होते. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने पुणे, मुंबई व चेन्नई येथे आणि २०१६ मध्ये अॅमेझॉनने मुंबईत आपली केंद्रे सुरू केली, तेव्हा हे दुकान आपल्या दाराशी आले.

लाभाचे अंकगणित

उद्योगाला याचा लाभ नेमका कोठे होतो? 'स्वस्त पडते' हे त्याचे नेहमीचे उत्तर. पण ते अपुरे, किंबहुना दिशाभूल करणारे आहे. एका यंत्राच्या एका दिवसाचा हिशेब केला तर भाडे हे मालकीपेक्षा बहुधा महागच असते. घराच्या वा ट्रॅक्टरच्या भाड्याला जो न्याय, तोच येथे. लाभ असतो तो गरजेच्या चढउतारात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एखाद्या संस्थेला महिन्यातील सत्तावीस दिवस दहा यंत्रे पुरतात. परंतु निकालाचे, प्रवेशाचे वा वेतनाचे जे तीन दिवस असतात, त्या दिवसांत शंभर यंत्रे लागतात. स्वतःची यंत्रे घ्यायची तर शंभर घ्यावी लागतील, म्हणजे महिन्याला तीन हजार यंत्रदिवसांची क्षमता पदरी बाळगावी लागेल. प्रत्यक्ष वापर होईल तो दोनशे सत्तर अधिक तीनशे, म्हणजे पाचशे सत्तर यंत्रदिवसांचा. एकोणीस टक्के क्षमता कामाला येईल आणि बाकीची धूळ खात पडेल. आता भाड्याचा दर मालकीच्या खर्चाच्या तिप्पट आहे असे धरले, तरी भाड्याचा खर्च एक हजार सातशे दहा मात्रा होतो आणि मालकीचा तीन हजार. भाडे महाग असूनही फायद्याचे ठरते.

आता दुसरी संस्था पाहा. तिला वर्षभर, रोज, नव्वद यंत्रे लागतात. मालकीचा खर्च दोन हजार सातशे मात्रा. भाड्याचा आठ हजार एकशे. येथे भाडे हा निव्वळ तोटा आहे. या दोन उदाहरणांतून निघणारा नियम सोपा आहे : कमाल गरजेला सरासरी गरजेने भागावे, तो भागाकार भाड्याच्या पटीपेक्षा मोठा असेल तर भाड्याने घ्यावे, लहान असेल तर विकत घ्यावे. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी हा हिशेब पाच मिनिटांत करू शकेल. अनेक संचालक मंडळे तो न करताच ठराव संमत करतात, ही खेदाची गोष्ट आहे.

सेवा देणाऱ्या कंपनीला हे परवडते कसे? कारण तिच्या हजारो ग्राहकांची धांदल एकाच दिवशी होत नाही. विवरणपत्र भरणाऱ्यांची गर्दी जुलैअखेर, निकालाची मे-जूनमध्ये, खरेदीची दिवाळीत. एकाची गरज ओसरते तेव्हा दुसऱ्याची वाढते, आणि तीच यंत्रे दोघांच्या उपयोगी पडतात. विमा व्यवसाय ज्या तत्त्वावर उभा आहे, तेच हे तत्त्व : परस्परांशी संबंध नसलेल्या अनिश्चितता एकत्र केल्या की एकूण अनिश्चितता घटते.

याखेरीज आणखी दोन लाभ आहेत. पहिला भांडवलाचा. नव्या उद्योजकाला यंत्रांत पैसा गुंतवून बसावे लागत नाही. भांडवली खर्चाचे रूपांतर चालू खर्चात होते. दुसरा त्याहून महत्त्वाचा, तो म्हणजे चूक करण्याची मुभा. एखादा प्रयोग फसला तर यंत्रे बंद करून त्या दिवसापासून भाडे थांबवता येते. ज्या समाजात कर्ज देणारा तारण मागतो आणि तारण द्यायला तरुणापाशी काही नसते, तेथे अपयश स्वस्त होणे ही उद्यमशीलतेची मोठीच सोय आहे. कोण्या बड्या घराण्याच्या पाठबळावाचून चेन्नईच्या झोहो व फ्रेशवर्क्स या कंपन्यांनी मासिक शुल्काचे सॉफ्टवेअर जगभर विकले आणि फ्रेशवर्क्सचे भाग २०२१ मध्ये अमेरिकेच्या नॅस्डॅक बाजारात नोंदले गेले. विक्रेत्यालाही ग्राहकाचे दार गाठण्यासाठी या पद्धतीत देशोदेशी कचेऱ्या थाटाव्या लागत नाहीत, हेच त्यावरून दिसते.

बाहेर पडण्याची किंमत

येथवर सर्व काही अनुकूल दिसते. परंतु विजेच्या उपमेत एक उणीव आहे, आणि ती नेमकी येथेच जाणवते. वीज ही कोणाचीही असली तरी वीजच असते. पुरवठादार बदलला म्हणून घरातील दिवे बदलावे लागत नाहीत. क्लाऊडचे तसे नाही. तेथे आपण केवळ वापर करत नाही, आपल्या नोंदी तेथे ठेवतो, आपली कामाची पद्धत त्या सेवेप्रमाणे घडवतो, कर्मचाऱ्यांना तिच्याच सवयी लावतो. वर्षागणिक नोंदी साचतात आणि बाहेर पडणे अवघड होत जाते. पहिल्या दिवशी ग्राहक राजा असतो. पाचव्या वर्षी तो कूळ झालेला असतो, आणि तेही कूळकायद्याचे संरक्षण नसलेले.

बलवान ग्राहक बाहेर पडू शकतात. ड्रॉपबॉक्स या कंपनीने आपली बहुतांश साठवण अॅमेझॉनकडून काढून स्वतःच्या यंत्रांवर नेली आणि त्यापुढील दोन वर्षांत सुमारे साडेसात कोटी डॉलर वाचल्याचे २०१८ च्या आपल्या भागविक्रीपत्रकात नोंदवले. '३७सिग्नल्स' या तुलनेने लहान कंपनीने २०२२ मध्ये क्लाऊडवर सुमारे बत्तीस लाख डॉलर खर्च केले. त्यानंतर सुमारे सात लाख डॉलरची यंत्रे विकत घेऊन तिने आपले काम घरी आणले. दोन्ही कंपन्यांची गरज मोठी व स्थिर होती, म्हणजे वर सांगितलेल्या दुसऱ्या संस्थेसारखी होती. आणि दोहोंपाशी स्वतःचे कुशल अभियंते होते. ज्याच्यापाशी हे बळ नाही, त्याच्या वाट्याला दुसरा अनुभव येतो. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर ही कंपनी घेतली आणि पुढच्याच महिन्यात तिच्या सॉफ्टवेअरचे कायमस्वरूपी परवाने विकणे बंद केले. यापुढे केवळ वर्गणी. खर्च कित्येक पटींनी वाढल्याची तक्रार अनेक ग्राहकांनी केली. पण त्यांचे सारे कामकाज त्याच सॉफ्टवेअरवर उभे असल्याने तक्रारीपलीकडे फारसे काही करणे त्यांना शक्य नव्हते.

जगाच्या क्लाऊड-बाजाराचा जवळजवळ दोन-तृतीयांश हिस्सा आज अॅमेझॉन, मायक्रोसॉफ्ट आणि गूगल या तीन कंपन्यांकडे आहे. ग्राहकाने आपलाच डेटा बाहेर नेण्यासाठी शुल्क भरावे, ही रीत या व्यवसायात वर्षानुवर्षे चालत आली. युरोपीय संघाने सप्टेंबर २०२५ पासून लागू केलेल्या डेटा कायद्यात पुरवठादार बदलण्याचे शुल्क जानेवारी २०२७ पासून पूर्णतः बंद करण्याची तरतूद आहे. त्या कायद्याची चाहूल लागताच २०२४ मध्ये गूगलने व पाठोपाठ अॅमेझॉनने सोडून जाणाऱ्या ग्राहकांचे हे शुल्क माफ केले. बाजाराच्या अदृश्य हातापेक्षा कायद्याचा दृश्य हात येथे अधिक उपयोगी पडला, असेच म्हटले पाहिजे.

जोखीम वाटली जाते, तशीच एकवटतेही

आता सी-एजच्या घटनेकडे पुन्हा वळू. अनेकांची मागणी एकत्र केल्याने जोखीम घटते, असे वर म्हटले. तीनशे बँकांच्या बाबतीत जोखीम वाढलेली का दिसली? उत्तर असे की, ग्राहकांच्या गरजा परस्परांपासून स्वतंत्र असतात. पण त्या सर्वांना सेवा पुरवणारे केंद्र एकच असते. तीनशे बँकांचे तीनशे सर्व्हर असते तर ते वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या कारणांनी बिघडले असते, कदाचित एकूण अधिक वेळा बिघडले असते. पण एकाच वेळी सर्व बंद पडले नसते. मागणीची जोखीम विखुरते, पुरवठ्याची एकवटते. बचत आणि परावलंबन यांचे मूळ एकच आहे ते हेच. २० ऑक्टोबर २०२५ रोजी अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील अॅमेझॉनच्या केंद्रात एका अंतर्गत यंत्रणेत दोष उद्भवला आणि जगभरातील असंख्य सेवा काही तास ठप्प झाल्या, तेव्हाही हेच दिसून आले.

मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीच्या बाबतीत घडले ते अधिक बोलके आहे. गूगलकडून झालेल्या एका चुकीमुळे या निधीची क्लाऊडवरील संपूर्ण व्यवस्थाच पुसली गेली. सहा लाखांहून अधिक सभासदांना सुमारे आठवडाभर आपले खाते पाहता आले नाही. निधी वाचला तो एका दूरदर्शी निर्णयामुळे : त्याने नोंदींची एक प्रत दुसऱ्या पुरवठादाराकडे ठेवली होती.

तिसरा प्रकार तांत्रिक नाही, राजकीय आहे. गुजरातेतील वाडिनार येथे तेलशुद्धीकरण कारखाना चालवणाऱ्या नायारा एनर्जी या कंपनीत रशियाच्या रोसनेफ्टचा सुमारे ४९ टक्के हिस्सा आहे. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध घातले आणि मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा स्थगित केल्या. परवान्यांचे पूर्ण पैसे भरलेले असताना आपल्याच नोंदी आपल्याला मिळेनाशा झाल्या, असे म्हणत कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. काही दिवसांतच सेवा पूर्ववत झाली. निर्बंध युरोपचे, सेवा अमेरिकन कंपनीची, कारखाना भारतातील, आणि निर्बंध घालणाऱ्यांत भारत सरकारचा काडीमात्र सहभाग नाही. १९७८ साली यंत्रे तरी देशात राहिली होती. आता भाड्याची सेवा एका आदेशासरशी अदृश्य होऊ शकते.

आपल्या सोसायट्यांचे काय?

हा सर्व विचार बड्या कंपन्यांपुरताच आहे, असे कोणी समजू नये. केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तिचा गाभा म्हणजे सर्वांसाठी एकच, क्लाऊडवर चालणारे सॉफ्टवेअर. महाराष्ट्रात अशा विकास सोसायट्यांची संख्या वीस हजारांच्या घरात आहे. याखेरीज शिक्षकांच्या व पगारदार नोकरांच्या पतसंस्था, नागरी बँका यांचे हिशेब वेगाने भाड्याच्या सॉफ्टवेअरवर जात आहेत. या लेखाच्या बहुतेक वाचकांची ठेव अशा एखाद्या संस्थेत असेल.

मग या संस्थांनी क्लाऊडपासून दूर राहावे काय? मुळीच नाही. सचिवाच्या खोलीतील कपाटात ठेवलेला, कोणी अद्ययावत न केलेला सर्व्हर हा सुरक्षिततेचा नमुना नव्हे. पूर आला, वीज कडाडली, किंवा एकुलता एक जाणकार नोकरी सोडून गेला की त्याची खरी किंमत कळते. लहान संस्थेला चोवीस तास पहारा देणारे तज्ज्ञ पदरी ठेवणे परवडणारे नाही. ते शेकडो संस्थांनी मिळून वाटून घेणे यातच शहाणपण आहे. खेड्यातील वही पाहणे ज्या सभासदाच्या आवाक्यात नव्हते, त्याला आपले कर्जखाते पाहता येणे हाही लोकशाहीचा लाभ आहे. प्रश्न सेवा घ्यावी की नाही हा नाही. कोणत्या अटींवर घ्यावी हा आहे.

आणि अटी ठरवण्याच्या बाबतीतच लहान संस्था दुबळी असते. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२३ मध्ये अशा बाह्यसेवांसंबंधी सविस्तर निर्देश काढले. तपासणीचा अधिकार, बाहेर पडण्याची योजना, क्लाऊडविषयक दक्षता या सर्वांचा त्यांत समावेश होता. परंतु पहिल्या दोन स्तरांतील लहान नागरी बँकांना त्यांतून वगळण्यात आले, आणि पतसंस्था तर रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखाली येतच नाहीत. लहानांवर अनुपालनाचा बोजा पडू नये, हा हेतू समजण्यासारखा आहे. तथापि त्याचा परिणाम असा की, ज्यांना संरक्षणाची सर्वाधिक गरज, त्यांच्याच करारपत्रात ते सर्वांत कमी असते.

यावर उपाय महाराष्ट्राला नवा नाही. एकेकट्या विक्रेत्याचे वा ग्राहकाचे बाजारात काही चालत नाही, तेव्हा त्यांनी संघटित होऊन समोरच्या बलाढ्य पक्षाला तोलून धरावे, ही कल्पना गालब्रेथ यांनी १९५२ मध्ये शास्त्रीय भाषेत मांडली. त्याच सुमारास प्रवरानगरचे ऊस उत्पादक विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली ती प्रत्यक्ष आचरत होते. जिल्ह्यातील साऱ्या पतसंस्थांनी आपापल्या फेडरेशनमार्फत एकच आदर्श करारनामा पुढे केला, तर पाच हजार सभासदांची संस्था जे मागू शकत नाही ते पाच लाख सभासदांच्या वतीने मागता येईल. सहकार खात्याने असा नमुना करार तयार करून तो बंधनकारक करणे हे त्याहून उत्तम.

तोवर सभासदाच्या हाती एक साधन आहेच, ते म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभा. लाभांश किती टक्के आणि भेटवस्तू कोणती, यांवर तेथे तासन् तास चर्चा होते. त्यांतील दहा मिनिटे चार प्रश्नांसाठी काढावीत. आपल्या नोंदींची अद्ययावत प्रत पुरवठादाराखेरीज अन्यत्र आहे काय, आणि ती प्रत उघडून पाहण्याची चाचणी शेवटची केव्हा झाली? करार संपल्यावर किंवा कंपनी बुडाल्यास सर्व नोंदी, दुसऱ्या सॉफ्टवेअरला वाचता येतील अशा स्वरूपात, किती दिवसांत व किती खर्चात मिळतील? शुल्कवाढीला करारात मर्यादा आहे काय? आणि सेवा दोन दिवस बंद पडली तर सभासदाला पैसे देण्याची कोणती कागदी व्यवस्था तयार आहे? या प्रश्नांना तंत्रज्ञानाचे ज्ञान लागत नाही; भाडेपट्टा नीट वाचण्याची सवय पुरते.

भाड्याने घेणे हा कमीपणा नव्हे. वर्षातून चार दिवस लागणारी वस्तू विकत घेऊन ठेवणारा शहाणा ठरत नाही. परंतु शहाणा भाडेकरू घरात शिरण्यापूर्वी करारातील घर सोडण्याचे कलम वाचतो आणि आपल्या मौल्यवान कागदांची एक प्रत दुसरीकडे ठेवतो. जी संस्था हे करील, तिला या नव्या व्यवस्थेचा पूर्ण लाभ मिळेल. जी करणार नाही, तिची बचत ताळेबंदात दिसेल आणि जोखीम दिसणार नाही. जी जोखीम ताळेबंदात दिसत नाही, ती अखेरीस ठेवीदारालाच सोसावी लागते, हे आपल्या सहकारी बँकांच्या इतिहासाने आजवर पुरेसे शिकवले आहे.